वजन सराफ्यात वाढत नाही, घरात वाढतं

रामबाग_माहेर

इंदूरच्या माणसाचं वजन वाढलं की ऐकणारा आधी सराफ्याचं, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजाराचं, नाव घेतो. माझं दोन वर्षांत साडेसहा किलो वाढलं, तेव्हा नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं, "बाहेरचं खाणं फार होतं का गं?" नाही होत. सराफ्यात मी वर्षातून तीन-चारदा जाते, तेही पाहुणे आले की. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की रात्री जी गर्दी लोटते, त्यात उभ्या उभ्या भुट्ट्याचा कीस खायचा, थंडी असेल तर तळलेल्या कंदाचे तुकडे, गराडू, आणि मुलांच्या हट्टाखातर एक जलेबा, भली मोठी जिलबी, चौघांत. एवढ्याने साडेसहा किलो वाढत नाहीत हे कळत होतं. मग कशाने वाढतात, ते कळत नव्हतं.

शेवटी कागद-पेन्सिल घेतली. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. साडेसहा किलोच्या झाल्या ५० हजार. दोन वर्षांचे दिवस ७३०. भागाकार आला रोज जेमतेम ७०. चुकलं असेल म्हणून पुन्हा केला, तरी ७०च. म्हणजे मी रोज पोटभर जास्त जेवत नव्हतेच. रोज एवढंसं काहीतरी पोटात जात होतं किंवा अंगातून खर्च व्हायचं थांबलं होतं, आणि ते माझ्या नजरेतून सुटत होतं.

पंधरा दिवस सगळं लिहून ठेवलं, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरला. आधी सेव. आपल्याकडे पोह्यांवर सेव, वरणभातावर सेव, सेव-टमाटरची भाजी, संध्याकाळी सेव-परमल, म्हणजे सेव-मुरमुरे. डबा टेबलावरच असतो, झाकण अर्धं उघडं. मी नेहमी घेते तेवढी चिमूट काट्यावर ठेवली. २२ ग्रॅम भरली. तळलेल्या बेसनाच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ही एक चिमूट १२० कॅलरींची. दिवसातून तीनदा. वाफेवर ठेवलेल्या इंदुरी पोह्यांत तेल तसं बेताचंच असतं. मी इतकी वर्षं पोह्यांनाच दोष देत होते.

मग तेल. कढईत किती घातलं ते कोणी मोजत नाही, पण डबा किती दिवसांत संपला ते मोजता येतं. आमचा सोयाबीन तेलाचा ५ लिटरचा डबा २८ दिवसांत संपतो. माणसं चार. ५ लिटर तेलाचं वजन साडेचार किलोच्या आसपास. भागून पाहिलं तर माणशी रोज ४० ग्रॅम, तूप वेगळंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराचं जे ताट सुचवलं आहे, त्यात २००० कॅलरींच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेत. आणि आमच्या घरी कोणाला विचारलं तर "आम्ही तेल कमीच खातो" हेच उत्तर मिळेल. मीही हेच सांगत होते, आणि मनापासून सांगत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा लक्षात आली. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर वर आणि न्हाणी खाली. सतरा पायऱ्या, तिसरी जरा उंच. दूधवाला आला खाली, कपडे वाळत घालायचे वर, आईला औषध खाली. मी लग्नानंतरही बरीच वर्षं तिथेच राहिले. दिवसातून वीसेक फेऱ्या तरी होत असतील, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. आता राजेंद्र नगरला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, भांड्यांना बाई आहे, आणि अकाउंटचं काम घरून आहे. खाणं तेवढंच राहिलं, पायऱ्या गेल्या.

डाएट प्लॅन नको आहे. तुमच्या घरात, तुमच्या अंगावर आलेलं, सहसा कोणी न सांगणारं असं काही असेल तर लिहा. माझी यादी अपुरी आहे असं वाटतंय.

मालवी_माती

ताई, तुमच्या यादीत झोप नाही.

मी सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका कंपनीत तीन वर्षं रात्रपाळी करून राहिलो होतो. रात्री एक वाजता कॅन्टीनमध्ये जेवण, सकाळी सहाला सुटलो की परतताना पोहे-जिलबी, मग झोप. झोप कसली, खाली भाजीवाला, वर ड्रिलिंग. चार-पाच तास. पहिल्याच वर्षी ८ किलो वाढलं. मला वाटायचं जिलबीमुळे. जिलबी बंद केली, तरी वाढत राहिलं.

नंतर वाचलं तेव्हा समजलं. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ तरुणांवर प्रयोग झाला होता. दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के खाली आलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के वर गेलं. भूक तर वाढलीच, वर ओढ गोड आणि पिष्टमय पदार्थांची. मला हे वाचून बरं वाटलं, खरंच. पहाटे सहाला ती जिलबी मी का मागून राहिलो होतो याचं कारण मिळालं.

उलट बाजूही तपासली आहे त्यांनी. २०२२ मध्ये, कमी झोपणाऱ्या ८० जास्त वजनाच्या लोकांपैकी निम्म्यांची झोप सव्वा तासाने वाढवली. खाण्याबद्दल एक शब्द सांगितला नाही, तरी बाकीच्यांच्या मानाने दिवसाला सरासरी २७० कॅलरी आपोआप कमी खाल्ल्या गेल्या.

दिवसपाळी मिळाल्यावर माझे पाच किलो उतरले. जिम लावली नव्हती.

गच्चीवरची_तुळस

धागा वाचतेय. चहाचं कोणी लिहिणार का म्हणून थांबले होते. आमच्याकडे दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर झाली, म्हणजे दीडशे-एकशेसाठ कॅलरी, आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. पातळ पदार्थाने पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून जेवण तेवढंच होतं. उन्हाळ्यात शिकंजी. बाहेरच्यांना सांगायला हवं, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेवा घातलेली. ते एक पूर्ण खाणं आहे, आणि आपण ते जेवणावर "प्यायला" घेतो.

दवाबाजार

मी बावीस वर्षं औषधांच्या धंद्यात आहे, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. जरा लांबेल.

दुकानात येणारा माणूस "वजन कमी करायचं काही आहे का" विचारतो. मी आधी विचारतो, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? निम्म्या वेळा उत्तर "काही नाही" असतं, आणि नंतर पिशवीतून चार पाकिटं निघतात. रोजची गोळी ही लोकांना गोळी वाटतच नाही.

भूक किंवा वजन वाढवू शकणारी औषधं बरीच आहेत. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स सगळ्यांना माहीत असतात. पण डोकेदुखीसाठी महिनोन्महिने चालणारं फ्लुनारिझिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, फिट्ससाठीचं व्हॅलप्रोएट, मानसिक आजारातलं ओलान्झापिन, धडधडीसाठी आणि अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल, हीही त्यातलीच. मधुमेहात इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडने वजन वाढू शकतं, मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही. शिवाय सायप्रोहेप्टाडिन. हे मूळचं अ‍ॅलर्जीचं औषध, पण आपल्याकडे भूक वाढवायचं सिरप म्हणून मुलांना देतात, आणि मूल धडधाकट झालं तरी बाटली चालूच राहते.

आणखी एक. सांधेदुखीसाठी खेड्यापाड्यांत बिनलेबलच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत दुखणं पळतं आणि सहा महिन्यांत चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. अशी पुडी कोणी घेत असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा, आणि एकदम बंदही करू नका. अंगाला स्टेरॉइडची सवय लागलेली असते, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये. हात जोडून सांगतो. फिटची गोळी वजनासाठी सोडलेला एक मुलगा मी पाहिलाय. ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडेच जायचं आणि विचारायचं, "याने वजन वाढतं का, दुसरं काही आहे का?" बहुतेक वेळा दुसरं काही असतं.

रामबाग_माहेर

दवाबाजार काका, तुमचा प्रतिसाद वाचून औषधांचा डबा काढला. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, दीड वर्ष झालं. मीच दर महिन्याला जुनी चिठ्ठी दाखवून आणत होते. माझ्या पंधरा दिवसांच्या वहीत ही गोळी लिहिलीच नव्हती, कारण ती मी "खाते" असं मला वाटलंच नाही.

दवाबाजार

ताई, ही गोळी सहसा काही महिन्यांपुरती असते. मग थांबवून डोकेदुखी कशी राहते ते बघतात. दीड वर्ष डॉक्टरांना न दाखवता चालू असेल तर वजनाचा प्रश्न नसता तरी जायलाच हवं होतं. या आठवड्यातच जाऊन या.

नवलखा_नाका

मला वेगळं वाटतं आणि ते स्पष्ट लिहितो. हार्मोन, गोळ्या, झोप, लिफ्ट... शेवटी जास्त खाल्लं आणि कमी हललं म्हणूनच वाढतं ना? माझे वडील रोज पहाटे मेघदूत बागेत सात फेऱ्या मारतात, रात्री दोन पोळ्या, सत्तरीत पोट नाही. मन घट्ट असेल तर बाकी काही लागत नाही. कारणं शोधत बसलं की माणूस हलत नाही.

सांजवात७१

नवलखा, बाळ, तुझे वडील खरंच कौतुकाचे आहेत. पण ते पहाटे फेऱ्या मारत होते तेव्हा घरात डबे कोण भरत होतं, ते एकदा आईला विचार.

मी एकाहत्तरची आहे. चाळीस वर्षं घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवले. पातेल्यात वाटीभर भाजी उरलेली, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, वरणाच्या तळाशी साचलेलं तूप. टाकवत नाही, अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून वाढलो आम्ही. ते सगळं माझ्या पोटात, आणि वर माझं स्वतःचं जेवण. नवऱ्याला आणि मुलांना पोळी मोजून वाढली, स्वतःची कधी मोजलीच नाही. आमच्या रामबागेत, नारायण बागेत ज्या बायका पन्नाशीनंतर जाड झाल्या, त्यातल्या किती जणी सराफ्यात जात होत्या? एकही नाही. याला मन घट्ट नसणं म्हणू नकोस. त्यांचं मन घट्टच होतं, अन्न वाया जाऊ द्यायचं नाही याबाबत.

आता मी उरलेलं आधी डब्यात काढते आणि फ्रिजमध्ये ठेवते, मग जेवायला बसते. क्रम बदलला, एवढंच.

दुसरं उपवासाचं. एकादशी दुप्पट खाशी हे आम्हीच म्हणायचो आणि आम्हीच खायचो. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, इंदुरात तर त्यावर फराळी मिक्श्चर. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. दाण्याचं कूट कोणी मोजून घालत नाही, त्याच्या १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. आठवड्यातून दोन उपवास करणारी माझी जाऊबाई "मी तर उपवास करते, मग वाढतं कसं" म्हणून रडायची. खोटं नव्हती बोलत.

आणि रामबाग, तू पायऱ्यांचं लिहिलंस ते अगदी खरं. आम्ही जमिनीवर बसून भाजी चिरायचो, विळीवर. दिवसातून किती वेळा उठबस व्हायची. ओटा उभा झाला, मग पाट गेला, मग जमिनीवर बसणंच गेलं. आता नातसुनेला खाली बसून उठताना हात टेकावा लागतो.

विज्ञान_आणि_वरण

आजी, तुमच्या उठबशीला शास्त्राचा पाठिंबा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९९९ साली १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. सगळ्यांना सारखंच जास्त. तरी चरबी कोणाची अर्धा किलोहूनही कमी वाढली, तर कोणाची चार किलोंवर. फरक पडला तो व्यायामाने नव्हे, व्यायाम तर सगळ्यांचा कमीच ठेवला होता. ज्यांचं शरीर नकळत जास्त हलत होतं, उठबस, चुळबुळ, उभं राहणं, ते वाचले. नवलखांना हे उत्तर म्हणून देत नाही, पण "जास्त खाल्लं, कमी हललं" हे खरं असलं तरी कोण किती हलतो हे नुसतं मनाने ठरत नाही. घराचा जिना, कामाची खुर्ची, बाजार किती लांब, यानेही ठरतं.

रामबाग ताई, ७० कॅलरींच्या हिशोबात एक दुरुस्ती. वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे रोजचं खरं जास्तीचं खाणं ७०पेक्षा बरंच जास्त असतं. आणि साडेसहा किलो सगळी चरबीच असेल असं नाही. पण तुमचा मुद्दा टिकतो. उधळपट्टीने नव्हे, सुट्ट्या नाण्यांनीच हे खातं भरतं.

थायरॉइडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तो कमी असेल तर वजन वाढतं, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी असतं. तपासणी जरूर करा. पण पंधरा किलोंचा दोष एकट्या थायरॉइडवर टाकता येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपण किलो मोजतो आणि कंबर मोजत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा दोघांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ २५ऐवजी २३वर ओढतात आणि कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटर धरतात. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. नवलखा, वडिलांचीही मोजा, आनंदच होईल त्यांना.

गच्चीवरची_तुळस

लहान ताटात जेवलं की कमी खाल्लं जातं म्हणतात. मी नवीन लहान ताटं आणलीत. उपयोग होतो का?

विज्ञान_आणि_वरण

ती कल्पना ज्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकामुळे जगभर गेली, त्याचे बरेच निबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने त्याच्या कामात गैरप्रकार आढळल्याचं सांगितलं. ताटं आणलीच आहेत तर वापरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. पाकीटबंद खाण्याचा पुरावा याहून पक्का आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे. हवं तेवढं खा म्हटलं. तयार अन्नाच्या दिवसांत रोज ५०० कॅलरी जास्त गेल्या आणि वजन जवळपास एक किलो वाढलं. लोक ते भराभर खात होते, हेही दिसलं.

नवलखा_नाका

आईला विचारलं. रात्री उरलेलं कोण संपवतं तेही विचारलं. मी वर जे लिहिलं ते अर्धंच खरं होतं.

वडिलांची कंबर ९४.

मालवी_माती

नवलखा भिया, हे लिहायला हिंमत लागते. काकांना सांगा, फेऱ्या सोडू नका.

रामबाग_माहेर

सात आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांकडे गेले. चिठ्ठी बघून ते रागावले, बरोबरच होतं. गोळी थांबवली, डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. या काळात अर्धशिशी दोनदाच उठली. थायरॉइड तपासला, ठीक आहे. संध्याकाळी सातनंतर काहीतरी खावंसं वाटायचं, ती ओढ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुसट झाली. तो गोळीचा परिणाम होता की माझ्या लक्ष देण्याचा, हे मला सांगता येणार नाही.

सेवेचा डबा टेबलावरून उचलून वरच्या फडताळात ठेवला, त्यात चहाचा चमचा टाकून. पोह्यांवर एक चमचा सेव, ५ ग्रॅम. बाकी कांदा, लिंबू, जिरावण मसाला भरपूर. सासूबाईंना आधी हे आवडलं नाही, "घरात सेव लपवून ठेवायची वेळ आली का" म्हणाल्या. मग मी त्यांच्यासमोर काट्यावर चिमूट मोजून दाखवली. त्यांनी स्वतःची चिमूट ठेवली, २६ ग्रॅम. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चमचा त्यांनीच वापरला.

लिफ्ट वर जाताना बंद, चार मजले. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं, आता नाही. भाजी खाली बसून चिरते, विळी माहेरून आणली, आईचीच.

वजन १.८ किलो कमी, कंबर ८८ची ८५. ८० अजून लांब आहे.

तेल सगळ्यात कठीण निघालं. फोडणी कमी केली की भाजीला तवंग येत नाही, आणि आमच्याकडे तवंग नसला की भाजी शिजली नाही असं समजतात. आता पळीऐवजी मोठ्या चमच्याने घालते आणि चमचे मोजते. नवीन डबा १ तारखेला उघडला, झाकणावर तारीख लिहिली आहे. माणशी २७ ग्रॅमांनी तो ४२ दिवस पुरायला हवा. संपला की इथे येऊन सांगते.